वरच्या काकांचं परमिट

प्रिय अर्णव आणि सई,

परवा तुम्ही पाठवलेला फोटो पाहिला. गोठलेलं तळं, त्यावर उभी तुमची चार चाकांची फटफटी, बर्फाला पाडलेलं भोक आणि त्या भोकाशी नाकं लाल करून बसलेले तुम्ही दोघं. खाली अर्णवनं लिहिलं होतं, "आजी, मासे मिळाले नाहीत. जीपीएसचे सेल थंडीनं मेले आणि मागच्या वेळची जागा सापडलीच नाही. गाडीच्या बॅटरीवर जीपीएस चालवता येतो का, ते आजोबांना विचार." मी ते आजोबांना मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "हे ज्यांना विचारायचं, ते गेले." नाशिकहून वरच्या काकांच्या जाण्याचा फोन येऊन तेव्हा दोन महिने झाले होते. मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, जी त्यांनी इतकी वर्षं माझ्यापासून लपवली होती. म्हणून आजच लिहायला बसले आहे. तुमच्या प्रश्नाचं उत्तर यातच मिळेल, पण ते मधूनच शोधून बाकीचं सोडून देऊ नका.

वरच्या काकांइतका नियमानं चालणारा माणूस देवानं दुसरा घडवलेला नाही, आणि घडवायला घेतला असेलच तर काकांनी आधी त्याच्याकडे परमिट मागितलं असेल. दोन हजार साल उलटून चार-पाच वर्षं झाली होती. आम्ही तेव्हा सौदीत, रास तनुराजवळच्या एका कंपाउंडमध्ये तळमजल्यावर राहत होतो आणि ते आमच्या डोक्यावर. म्हणून ते वरचे काका. तुमचे बाबा तेव्हा अमेरिकेत शिकत होते. आजोबा आणि काका एकाच कंपनीत. आजोबा पंपांकडे बघत आणि काका पंपांवरच्या काट्यांकडे. दाब, तापमान, पातळी दाखवणारी जेवढी यंत्रं तिथे होती, ती सगळी खरं बोलतात की नाही हे तपासणं हे काकांचं काम. अशा कामात पंचवीस वर्षं घालवल्यावर माणसाचा कशावरच चटकन विश्वास बसत नाही. आमच्याकडे जेवायला आले की आधी भिंतीवरचं घड्याळ आपल्या घड्याळाशी ताडून बघत आणि मगच पाटावर बसत. एकदा मी ताप आल्याचं सांगितलं, तर विचारपूस करण्याआधी म्हणाले, "वहिनी, थर्मामीटर कधी तपासून घेतलं होतं?"

कारखान्यात एक नियम असतो. कुणी यंत्र दुरुस्तीला घेतलं की त्यावर आपल्या नावाचं लाल लेबल अडकवायचं, आणि ज्यानं ते अडकवलं त्यानंच ते काढायचं. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, मग तो जनरल मॅनेजर का असेना. नियम शहाणपणाचा आहे, माणसांचे जीव वाचवणारा आहे. पण काकांनी तो घरी आणला. एकदा काकूंच्या मिक्सरमधून जळका वास आला म्हणून त्यांनी त्याला लाल लेबल अडकवलं आणि कामावर गेले. तिथे काहीतरी तातडीचं निघालं आणि तीन दिवस घरी आलेच नाहीत. त्याच शुक्रवारी, तिकडच्या सुट्टीच्या दिवशी, काकूंकडे डोशांना आठ माणसं होती. काकू खाली येऊन मला म्हणाल्या, "ताई, तुमचा मिक्सर द्या. आमचा आहे घरातच, पण तो सध्या सरकारजमा आहे." मी म्हटलं, "अहो, काढून टाका ते लेबल, त्यांना काय कळतंय!" तर तोंडावर हात ठेवून म्हणाल्या, "नको बाई. मी काढलं आणि उद्या खरंच शॉक बसला, तर ते मला मेल्यावरसुद्धा विचारतील, लेबल कुणी काढलं होतं म्हणून."

दुसरा त्यांचा नेम म्हणजे कारण शोधणं. काही बिघडलं की पाच वेळा 'का' विचारायचं. पाचव्या उत्तराला खरं कारण हाती लागतं, असं ते म्हणत. पडदे ओढून आम्ही घरात गणपती बसवायचो. एका वर्षी प्रसादाच्या वेळी आमटीचं पातेलं लवंडलं. सगळे फडकी शोधायला धावले आणि काका वही घेऊन उभे. पातेलं का लवंडलं? धक्का लागला. धक्का का लागला? जागा अरुंद होती. जागा का अरुंद होती? असं करत करत शेवटी काकू कडाडल्या, "कारण पृथ्वीला गुरुत्वाकर्षण आहे म्हणून! आता पाय उचला, खालचं पुसायचंय." काकांनी पाय उचलला, पण वहीतही काहीतरी लिहिलंच. कारण सापडेपर्यंत बिघडलेली गोष्ट पुन्हा चालू करायची नाही, हे त्यांचं ब्रीद. त्या वर्षी दुसऱ्या दिवशी आमटी झाली नाही, पिठलं झालं.

अशा माणसानं एक दिवस दब्बाब विकत घेतला. तुमच्यासारख्या चार चाकांच्या फटफटीला तिकडे दब्बाब म्हणतात. देश सोडून चाललेल्या एका गृहस्थाकडून त्यांनी तो जुना घेतला, आणि त्याच्याबरोबर तळहाताएवढा जीपीएस. कारण काय, तर मासेमारी. आता हे ऐका: काका शुद्ध शाकाहारी. आमच्या घरी मासे तळत असले तर ते जिन्यातून श्वास रोखून वर जात. पण मासा हा त्या सगळ्या कारभारातला सर्वांत बिनमहत्त्वाचा भाग होता. महत्त्व होतं गाडीला, वायरींना, बर्फाच्या पेटीत ठेवलेल्या थर्मामीटरला. मासा गळाला लागला की ते मान फिरवत आणि आजोबांना म्हणत, "तुमचा आला." आजोबा अलिबागचे. त्यांना याहून चांगला जोडीदार कुठे मिळणार होता? तुम्ही बर्फ फोडून मासे धरता. आम्ही बर्फ विकत घेऊन जात होतो, एवढाच फरक.

जीपीएस लागायचा त्याला कारण होतं. डांबरी रस्ता संपला की काकांची गाडी तिथे ठेवायची आणि तिच्यामागून आणलेला दब्बाब उतरवायचा; पुढे समुद्रापर्यंत खारट चिखलाची सपाटी पसरलेली. वरून कोरडी दिसते, पण पापुद्र्याखाली चिखल. पक्की वाट एकच, आणि तिच्यावर ना झाड ना दगड. आत्ता जी खूण वाटते ती वारा सुटला की गायब. म्हणून काकांनी जाण्यायेण्याची वाट जीपीएसमध्ये ठिपक्याठिपक्यांनी भरून ठेवली होती. पण तो चालायचा सेलवर, आणि उन्हात तापून सेल फुटायचे. तुमच्याकडे थंडीनं मरतात, आमच्याकडे उष्णतेनं पाझरायचे. मग काकांनी तो गाडीच्या बॅटरीला जोडायचं ठरवलं आणि दोन महिने आमच्या कंपाउंडच्या शेडमध्ये प्रयोग चालले. पहिल्यांदा वायर थेट बॅटरीला लावली. जीपीएस रात्रभर चालू राहिला आणि सकाळी दब्बाब हूं की चूं करेना. आजोबांनी तो ढकलत शेडबाहेर काढला. मग वायर किल्लीतून फिरवली, म्हणजे किल्ली बंद तर जीपीएसही बंद. मग खडबडीत जमिनीवर धक्के बसून प्लग निसटायला लागला, तेव्हा त्याखाली रबर घातलं आणि वायर जागोजागी बांधली. सर्वांत शेवटी बॅटरीच्या अगदी जवळ एक छोटा फ्यूज बसवला, हँडलवर एक सॉकेट लावला आणि जीपीएसच्या पोटातले सेल काढून टाकले. "एका यंत्राला दोन धनी नकोत, वहिनी," असं मला समजावून सांगितलं. अर्णव, तुझं उत्तर हेच, सेलांची गोष्ट सोडून. सेल काढलेस तरी घरी टाकून जाऊ नकोस. अंगातल्या शर्टाच्या खिशात, उबेत, ठेव. ही दुरुस्ती काकांनीच नंतर केली, आणि ती का केली तेच आता सांगते आहे.

मला या सगळ्यात एक हुद्दा होता. मी लग्नाआधी मुंबईत एका कचेरीत सेक्रेटरी होते, फायली नीट ठेवायची सवय, अक्षर बरं. म्हणून काकांनी मला 'परमिट देणारी अधिकारी' नेमलं होतं. दर शुक्रवारी समुद्रावर निघण्याआधी ते एक छापील कागद घेऊन दाराशी उभे राहत. कोण जाणार, कुठे जाणार, उत्तर अक्षांश किती, पूर्व रेखांश किती, परत किती वाजता, आणि अर्धा तास उशीर झाला तर फोन कुणाला करायचा. खाली माझी सही. परत आल्यावर त्याच कागदाच्या मागच्या बाजूला काय झालं ते ते लिहीत आणि पुन्हा माझी सही घेत. माझ्या सहीशिवाय माझा नवरा मासे धरायला जाऊ शकत नव्हता, ही गोष्ट मला मनापासून आवडायची. पण मी हसायचे. पहाटे पाचला, डोळे चोळत, "भाऊजी, समुद्र कुठे पळून जाणार आहे का?" असं विचारायचे. ते म्हणायचे, "समुद्र नाही, वहिनी. माणसं."

त्या थंडीतला तो शुक्रवार. आजोबांना तेव्हा साखरेचा विकार जडून तीन वर्षं झाली होती. सकाळी इन्शुलिन, आठला खाणं, बारा-साडेबाराला जेवण, हे घड्याळ मी सांभाळत होते. चहा बिनसाखरेचा. इन्शुलिन घेतलेला माणूस वेळेवर जेवला नाही तर साखर एकदम खाली जाते. आधी चिडचिड, मग घाम, मग हात थरथरतात आणि मग शुद्ध जाते. हे मी एकदा घरात पाहिलं होतं आणि पुन्हा पाहायची माझी तयारी नव्हती. म्हणून परमिटवर परत येण्याची वेळ मीच लिहायला लावली होती: बारा.

नऊनंतर कंपाउंडमध्ये धुकं उतरलं. थंडीत तिकडे समुद्रावरून धुकं येतं, पण दहापर्यंत विरतं. त्या दिवशी ते उठायलाच तयार नव्हतं. अकरा वाजता समोरचं घर दिसेना. बारा वाजले. काकू खाली येऊन बसल्या. फोन त्या चिखलात लागत नसत. बाहेर आमची गाडी उभी होती, किल्ली खुंटीला होती, पण तेव्हा तिथे बायकांनी गाडी चालवायची नव्हती. मी पोळ्या लाटल्या, कुणासाठी ते न ठरवता. साडेबाराला परमिट हातात घेतलं आणि त्यावरचा नंबर लावला.

तो नंबर काकांच्या खात्यातल्या एका सौदी मुकादमाचा होता, अबू सालेह. तो नुकताच जुम्म्याच्या नमाजाहून आला होता. मी घाईघाईनं सगळं सांगायला लागले, तर त्यानं मध्येच थांबवून मोडक्या इंग्रजीत सांगितलं, "मॅडम, रडणं नंतर. आधी आकडे." मी वाचले. उत्तर इतकं, पूर्व इतकं. त्यानं ते मला परत वाचून दाखवले आणि म्हणाला, "खलास." तिकडे याचा अर्थ 'झालं' एवढाच. "ही जागा मला माहीत आहे. मी निघालो." काकू मला म्हणाल्या, "ताई, तुमचं अक्षर चांगलं आहे म्हणून बरं." अक्षर काकांचं होतं. दोघींना ते तेव्हा कळलंही नाही.

दोन वाजता दोन गाड्यांचे आवाज आले. आधी अबू सालेहची गाडी, मागे काकांची, मागच्या बाजूला दब्बाब बांधलेला. आजोबा उतरले, चेहरा पांढरा, पण चालत होते. जेवायला बसले ते चार पोळ्यांनंतरच बोलले. काकांनी मात्र आधी हातपाय धुतले, परमिटची मागची बाजू भरली आणि मला सहीला दिली. "सकाळी नऊ वाजता फ्यूज उडाल्याचे लक्षात आले. जीपीएस बंद. धुके. जागा न सोडण्याचा निर्णय. बारा वाजून वीस मिनिटांनी तात्पुरती दुरुस्ती करून यंत्र पुन्हा चालू. वाटेत अबू सालेह भेटले." त्याखाली एक रकाना: 'कारण'. तो कोरा होता.

"भाऊजी, कारण लिहायचं राहिलं."

"चौकशी चालू आहे, वहिनी."

मी आयुष्यात पहिल्यांदा अर्धवट कागदावर सही केली. पुढे तीन-चार वर्षं, दर गणपतीला, दर दिवाळीला मी विचारायचे, काय झालं चौकशीचं? ते मान हलवून म्हणायचे, "चालू आहे." आमटीचं कारण एका तासात शोधणारा माणूस एका फ्यूजपाशी अडला, याची आम्ही सगळ्यांनी मिळून भरपूर चेष्टा केली. सर्वांत मोठ्यानं आजोबा हसायचे. हे आता आठवतं.

परवा आजोबांनी जे सांगितलं ते असं. जवळच्या खोबर शहरातल्या बाजारात त्यांनी गाडीतल्या सॉकेटवर चहा उकळायची कॉइल घेतली होती, चोरून. खिशात कागदात बांधलेल्या साखरेच्या वड्या. घरी मी देत नव्हते, म्हणून हा समुद्रावरचा बंदोबस्त. साडेआठला काका पाण्याकडे तोंड करून गळ टाकत होते, तेव्हा आजोबांनी जीपीएसचा प्लग काढला, त्या जागी कॉइल लावली आणि हळूच किल्ली फिरवली. पाणी कोमटसुद्धा झालं नाही. त्यांनी किल्ली बंद केली, सगळं पिशवीत कोंबलं, जीपीएस परत लावला आणि काही घडलंच नाही असा चेहरा केला. अर्ध्या तासानं धुकं आलं. काकांनी किल्ली फिरवली आणि जीपीएस काळा.

"मला तेव्हाच कळलं, कॉइलनं तो एवढासा फ्यूज उडवला," आजोबा म्हणाले. "जास्तीचा फ्यूज त्यांच्याकडे नव्हता. मी म्हटलं, साहेब, त्या फ्यूजला पोळीवरची चांदी, तो डब्यातला चमकता कागद, गुंडाळा आणि चला. तर म्हणाले, का उडाला? मी म्हटलं, उडतात फ्यूज. म्हणाले, फ्यूज उगाच उडत नाही. तो काहीतरी सांगतोय. कारण कळेपर्यंत मी त्याचं तोंड दाबणार नाही. मी म्हटलं, अहो, इथे काय चौकशी समिती बसवणार? तर म्हणाले, बसलोच आहोत."

"मग तुम्ही सांगून का टाकलं नाही?" मी विचारलं.

"सांगितलं असतं तर ते कागदावर आलं असतं. आणि कागद सहीला कुणाकडे येतो?"



तर असे तीन तास ते दोघं धुक्यात बसले. एक कारण शोधत वायरीचा इंच न् इंच चाचपतो आहे, आणि दुसरा कारण पिशवीत घेऊन बसला आहे. आजोबा मधूनमधून म्हणत, चालत जाऊ या. काका म्हणत, "हरवलेल्या माणसानं जागा सोडायची नसते. वहिनींकडे कागद आहे." बाराच्या सुमारास आजोबांना घाम सुटला. हात थरथरायला लागले. खाणं आठलाच संपलं होतं. मग मात्र त्यांनी लाज सोडली, खिशातून कागद काढला आणि साखरेच्या वड्या तोंडात टाकल्या. काकांनी वड्यांकडे पाहिलं. मग पिशवीतून बाहेर लोंबणाऱ्या काळ्या वायरीकडे. मग हँडलवरच्या सॉकेटकडे.

"काही बोलले?"

"म्हणाले, अजून दोन घ्या. मी घेतल्या. माझे हात थांबेपर्यंत मनगट धरून बसले. मग म्हणाले, आता ती पोळीची चांदी द्या."

मी उठून कपाटातून जुनी फाईल काढली. बारा वाजून वीस मिनिटांनी यंत्र पुन्हा चालू. कारण कळल्याशिवाय वरच्या काकांनी आयुष्यात एकही गोष्ट पुन्हा चालू केली नव्हती, साधी आमटीसुद्धा. ते एवढं एक वाक्य इतकी वर्षं माझ्या डोळ्यांसमोर, माझ्या सहीच्या दोन बोटं वर होतं, आणि स्वतःला नीटनेटकी म्हणवणाऱ्या मला ते वाचता आलं नाही.

"पुढच्या शुक्रवारी बघतो तर," आजोबा म्हणाले, "हँडलवर दुसरा सॉकेट. त्याला वेगळी जाड वायर, वेगळा फ्यूज. वर त्यांच्या अक्षरात लेबल: 'चहा, बिनसाखर'. सेल त्यांच्या शर्टाच्या खिशात. एक शब्द बोलले नाहीत."

"मग? साखर?"

"आता माणसानं एवढं केल्यावर त्याचा मान ठेवायचा की नाही? बिनसाखरेचाच प्यायलो. दरवेळी."

मुलांनो, आम्ही त्यांच्याआधी दोन वर्षं सौदी सोडली. ते निघाले तेव्हा दब्बाब विकला, पण विकण्याआधी तो दुसरा सॉकेट कापून काढला आणि नाशिकला येताना वाट वाकडी करून पुण्यात आमच्या घरी आजोबांना देऊन गेले. मी स्वयंपाकघरात त्यांच्यासाठी पिठलं करत होते. बाहेर हळू आवाजात दोघं हसले, ते मला ऐकू आलं होतं. काय झालं म्हणून मी विचारलं, तर काका म्हणाले, "काही नाही वहिनी, चौकशी चालू आहे."

काल मी पेन घेऊन बसले होते. तो एक रकाना भरून टाकावा, कागद पूर्ण करावा आणि फाईल मिटावी, असं मनात होतं. मग नाही भरला.

सॉकेट आजोबांच्या टेबलाच्या खणात आहे. लेबलावरची शाई फिकी झाली आहे, पण वाचता येते. परमिट माझ्या फाईलमध्ये आहे. पुढे-मागे दोन्हीकडे सह्या आहेत, आणि कारणाचा रकाना कोरा आहे.